फॉरमॅट मारू नका!

पोस्ट मोठी आहे आणि जरा भांडखोर आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा.

दर महिन्या-दीड महिन्याने आपल्याकडे तोच प्रश्न येतो. "लॅपटॉप सुरूच होत नाहीये, नुसतं गोल गोल फिरतंय, काय करू?" आणि दहा मिनिटांत तीच तीन उत्तरं. एक, "फॉरमॅट मार." दोन, "पाच वर्षं झाली ना, आता नवीन घे, सेल लागलाय." तीन, "मुलाला सांग, तो करेल." या तिन्ही उत्तरांचा मला मनापासून राग येतो.

मी सीए आहे. ट्रायल बॅलन्स जुळला नाही म्हणून कुणी वह्या जाळल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. आपण फरक कितीचा आहे ते बघतो. त्याला नऊने भाग जातो का बघतो, कारण आकडे उलटसुलट पडले असतील तर जातो. फरकाच्या निम्मी रक्कम कुठे चुकीच्या बाजूला बसलीय का ते शोधतो. चूक सापडली की दुरुस्तीची एन्ट्री, विषय संपला. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र आपण शहाणीसुरती माणसं पहिल्याच झटक्यात काडेपेटी शोधायला लागतो. फॉरमॅट म्हणजे दुसरं काय आहे?

आणि जाळतो काय, ते तरी बघा. चार-पाच वर्षं वापरलेल्या लॅपटॉपची पुस्तकी किंमत जवळजवळ शून्य. पण आजीचा आरती म्हणतानाचा शेवटचा व्हिडिओ त्याच्यात. ठाण्याच्या फ्लॅटच्या अ‍ॅग्रीमेंटचे स्कॅन, भावाला दिलेलं कुलमुखत्यारपत्र, एनआरओ खात्याची टीडीएस सर्टिफिकेटं, मुलीचं जीसीएसईचं कोर्सवर्क, सगळं त्याच्यात. यातलं काहीही कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही, म्हणून सल्ला देणारा फक्त यंत्राची किंमत बघून बोलतो. इथे यूकेत तुम्ही स्वतःचा व्यवसाय करत असाल, तर रिटर्नच्या ३१ जानेवारीच्या मुदतीनंतर ५ वर्षं हिशेबाचे कागद ठेवावे लागतात. रेकॉर्ड गेलं तरी आकडे द्यायचेच असतात, आणि ते अंदाजे असतील तर रिटर्नमध्ये तसं लिहावं लागतं. "लॅपटॉप फॉरमॅट झाला हो" एवढ्यावर सुटका नाही.

माझ्या एका मैत्रिणीने गेल्या वर्षी जवळच्या दुकानात लॅपटॉप दिला. ९० पौंड घेतले आणि दोन दिवसांनी तो अगदी नव्यासारखा परत दिला. इतका नव्यासारखा, की आत काहीच नव्हतं. सही केलेल्या फॉर्मवर बारीक अक्षरात 'डेटाची जबाबदारी आमची नाही' होतं. बिघडलं काय होतं, विचारलं तर म्हणे "व्हायरस असेल". असेल? निदान न करता ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरकडे आपण पुन्हा जाऊ का?

तर आधी निदान. 'सुरू होत नाही' या तीन शब्दांत निरनिराळे आजार लपलेले असतात. दिवाच लागत नसेल तर चार्जर काढा, पेनड्राइव्ह, माउस, प्रिंटर सगळं काढा, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, मग फक्त चार्जर लावून पुन्हा सुरू करा. दिवा लागतोय, पंखा फिरतोय, पण पडदा काळा? मग एचडीएमआयच्या केबलने टीव्हीला जोडून बघा. टीव्हीवर दिसलं तर बिघाड बहुधा स्क्रीनचा आहे, तुमच्या फाइली सुखरूप आहेत.

सगळ्यात जास्त वेळा घडतं ते तिसरंच. कंपनीचा लोगो येतो, गोल फिरतं आणि तिथेच अडकतं, किंवा निळी स्क्रीन येऊन परत पहिल्यापासून. हे बघून लोक हातपाय गाळतात. अहो, लोगो येतोय याचा अर्थ यंत्र बहुतेक ठीक आहे! दुखणं विंडोजचं आहे, आणि त्यावरची औषधं विंडोजच्या आतच ठेवलेली आहेत. लागोपाठ दोन-तीन वेळा नीट सुरू झालं नाही की ते आपणहून दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर जातं. गेलं नाही तर लोगो दिसल्यावर बटण दाबून धरून बंद करा, असं दोन-तीनदा करा.

त्या पडद्यावर 'ट्रबलशूट' आणि आत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'. आधी 'स्टार्टअप रिपेअर'. नाही जमलं तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स', विशेषतः कालपरवाच अपडेट झालं असेल तर. मग 'सिस्टिम रिस्टोअर'. तो पर्याय चालू ठेवलेला असेल तर विंडोज आधीच्या तारखेला परत जातं. नंतर टाकलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर जातात, फोटो आणि कागदपत्रं जागेवर राहतात. तेही नसेल तर 'स्टार्टअप सेटिंग्ज'मधून रीस्टार्ट करून ४ दाबा, सेफ मोड. सेफ मोडमध्ये व्यवस्थित सुरू झालं, तर गुन्हेगार बहुधा एखादा ड्रायव्हर किंवा नवा प्रोग्रॅम. तो काढा.

आणि हे सगळं करायच्याही आधी फाइली बाहेर काढता येतात, हे कुणी सांगतच नाही. त्याच यादीतलं 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा, 'नोटपॅड' टाइप करून एंटर मारा. नोटपॅडमध्ये 'फाइल', मग 'ओपन', आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडा. तुमचे सगळे फोल्डर समोर! राइट क्लिक करून कॉपी, पेनड्राइव्हवर पेस्ट. इथे सी ड्राइव्ह कधी कधी डी किंवा ई नावाने दिसतो, दचकू नका.

एका ठिकाणी मात्र हात आवरा. 'ट्रबलशूट'मध्येच 'रीसेट धिस पीसी' ठळकपणे मांडून ठेवलंय. 'कीप माय फाइल्स' घेतलं तर फाइली राहतात, पण तुम्ही टाकलेले प्रोग्रॅम जातात. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' म्हणजे नावाप्रमाणे सगळं. हा शेवटचा उपाय आहे. आपण तो पहिला करतो, कारण तो वाचायला सोपा वाटतो.

ज्यांना हे घरगुती नुस्खे वाटतात त्यांनी १९ जुलै २०२४ आठवावा. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं कोसळली. विमानं रखडली, इथल्या जीपींच्या सिस्टिम बंद पडल्या, स्काय न्यूज काही काळ दिसेना. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जा, एका फोल्डरमधली एक फाइल काढून टाका, रीस्टार्ट करा. आयटीवाले एकेका यंत्रापुढे बसून तेच करत होते. ८५ लाख यंत्रं कुणी फॉरमॅट केली नाहीत.

त्या दिवशी बरेच जण अडकले ते बिटलॉकरच्या ४८ आकडी रिकव्हरी कीपाशी. हे तुमच्या घरीही होणार आहे. आजकाल मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि आपल्याला पत्ताही नसतो. दुरुस्तीला गेलं की ती की मागतात. ती नसेल तर दुकानदारच काय, मायक्रोसॉफ्टसुद्धा ते कुलूप उघडून देऊ शकत नाही.

आता "मुलाला सांग" वाल्यांकडे वळते. ऑफिसात चाळीस हजार ओळींचं एक्सेल सांभाळणाऱ्या, अख्ख्या कंपनीचा पेरोल चालवणाऱ्या बायका घरी येऊन "मला बाई त्यातलं काही कळत नाही" म्हणतात, तेव्हा मला काय म्हणावं सुचत नाही. चौदा वर्षांचं पोर हुशार असेल, पण फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट कुठल्या फोल्डरमध्ये आहे आणि ते गेलं तर ठाण्याला किती खेपा पडतील, हे त्याला माहीत नाही. एक व्हिडिओ बघून तो सगळं पुसून 'क्लीन' करेल आणि अभिमानाने दाखवेल. त्याला शेजारी बसवा, जरूर बसवा. कीबोर्ड तुमच्याकडे ठेवा.

"वेळ कुणाला आहे?" हे ऐकू येतंय मला. फॉरमॅटनंतर प्रोग्रॅम, प्रिंटर, पासवर्ड, बँकेचं लॉगिन पुन्हा बसवण्यात जो वीकेंड जातो, तो कुठल्या खात्यात टाकता? विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून नवीन घेणार असाल तर खुशाल घ्या. तो वेगळा निर्णय आहे. आधी जुन्यातलं बाहेर काढा.

तज्ज्ञाकडे जावं लागतंच कधी कधी. हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर लगेच बंद करा, पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. चहा सांडला असेल तर तेच. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ऑफिसच्या आयटीकडे. आणि पडद्यावर फोन नंबर दिसत असेल तर तो फिरवूच नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. हे पुण्याला आईबाबांनाही सांगा, ते जास्त घाबरतात.

आज रात्री लॅपटॉप चालू आहे तोवर मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवर आपल्या खात्यात जा, आपल्या डिव्हाइसच्या नावाखाली रिकव्हरी की शोधा, कागदावर लिहा आणि पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. झालं की खाली 'केलं' एवढंच लिहा. की लिहू नका, गेल्या वेळी वायफायच्या पासवर्डचं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल.