‘ऐच्छिक’ कोणाच्या इच्छेने?

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्यात आला. करापूर्वीची किंमत तीच राहिली असे धरले, तर त्याआधी करासह दहा लाखांना पडणारा पिकअप या निर्णयामुळे सुमारे ७८ हजारांनी स्वस्त व्हावयास हवा. सणासुदीच्या तोंडावर आलेल्या या सवलतीचे स्वागत झाले, आणि ते योग्यच होते. परंतु वाचलेले पैसे खरेदीदाराच्या पदरात पडण्यापूर्वीच शोरूमच्या टेबलावर दुसरा कागद येतो. खालची प्रत, मधली प्रत, वरची प्रत. प्रत्येकीपुढे काय मिळेल याची रांग, आणि शेवटी ‘ऐच्छिक’ या शीर्षकाखाली आणखी एक यादी. सवलत मिळालीच आहे, तर एक पायरी वर चढा, असा त्या कागदाचा आग्रह असतो. कोणी कोणत्या पायरीवर थांबावे हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा आणि आवडीचा प्रश्न, त्यात राजकारण कोठून आले, असे पुष्कळांना वाटेल. पण ती यादी एकदा बारकाईने वाचली, तर आवडीचा भाग तिच्यात फार थोडा आहे, हे ध्यानात येते.

पिकअप घेणारा माणूस कोण, हे प्रथम पाहिले पाहिजे. २००५ साली पुण्यात टाटांची ‘एस’ गाडी बाजारात आली. दोन सिलिंडरचे, १६ अश्वशक्तीचे इंजिन असलेल्या या चारचाकीला लोकांनी ‘छोटा हत्ती’ हे नाव दिले. तीनचाकी टेम्पो आणि मोठा ट्रक यांच्यामधली मोकळी जागा तिने भरून काढली. तेव्हापासून कोरडवाहू शेतकऱ्याचा धाकटा मुलगा, कंत्राट संपलेला कारखान्यातला कामगार, दुधाच्या किंवा भाजीच्या फेऱ्या मारणारा तरुण या सर्वांना छोटी मालवाहू गाडी हा रोजगाराचा एक मार्ग झाला. आरसी पुस्तकावर तो मालक असतो. प्रत्यक्षात पहाटे तीनला नारायणगावचा टोमॅटो किंवा लासलगावचा कांदा भरून निघणारा, हप्त्याच्या तारखेकडे डोळे लावून चाकामागे बसणारा तो कष्टकरीच आहे. त्याला नोकरी देणारा कोणी दिसत नाही, म्हणून त्याच्या कामाच्या जागेची चौकशीही कोणी करीत नाही. पिकअपची केबिन हीच त्याची कामाची जागा आहे.

एकाच वाहनाच्या अनेक प्रती काढून ग्राहकाला पायरीपायरीने वर नेण्याची ही पद्धत अमेरिकेतून आली. फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये कारखान्यातच हौदा बसवलेली गाडी २८१ डॉलरना विकावयास काढली, तेव्हा तिच्यात निवडण्यासारखे फारसे काही नव्हते. मात्र त्याच सुमारास जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन प्रत्येक खिशासाठी वेगळी मोटार हे सूत्र मांडीत होते. पुढे हे सूत्र पिकअपलाही लागू झाले. आज तेथील एफ-१५० या गाडीची शिडी एक्सएल, एक्सएलटी, लॅरिएट, किंग रँच, प्लॅटिनम अशी चढत जाते, आणि वरच्या पायऱ्यांवर कातडी आसने व संगीताची यंत्रणा असते. आपल्याकडील मालवाहू पिकअपची शिडी याहून वेगळी आहे. तिच्या पायऱ्या चैनीच्या नाहीत. किती भार वाहता येईल, हौदा किती लांब, इंधन कोणते, केबिन थंड करण्याची सोय आहे की नाही, अशा त्या पायऱ्या आहेत. पॉवर स्टिअरिंगसारखी गोष्टही कित्येक पिकअपमध्ये दीर्घकाळ वरच्या प्रतीची बाब होती. भरल्या गाडीचे चाक दिवसभर हातांनी ओढावे की ओढू नये, ही चालकाची आवडनिवड आहे असे मानले जात होते.

या यादीतील काही भेद खरोखरीच कामाचे आहेत. २०२५ च्या जूनमध्ये आलेली ‘एस प्रो’ ७५० किलो भाराची. पेट्रोलवरची प्रत ३.९९ लाख, पेट्रोल व सीएनजी दोन्हींवर चालणारी ४.९९ लाख आणि विजेवरची ६.५० लाख, अशा तिच्या आरंभीच्या किमती होत्या. रोज किती किलोमीटर धावायचे, गावापासून सीएनजीचा पंप किती दूर, रात्री गाडी चार्ज करण्याची सोय आहे का, यांवर त्यांतली योग्य प्रत ठरते, आणि ही निवड खरेदीदारानेच करावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ अन्वये एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत असलेल्या मालवाहू वाहनाला परवाना लागत नाही. त्यामुळे त्या रेषेच्या अलीकडची प्रत घ्यावी की पलीकडची, हाही हिशेबाचा प्रश्न आहे. हौद्याविना केवळ केबिन आणि सांगाडा घेऊन स्थानिक कारागिराकडून हौदा बांधून घेणारे अनेक असतात. अशा वेळी हौद्याचे वजन भाराच्या क्षमतेतून वजा होते, हे मात्र त्यांना क्वचितच कोणी सांगते. दोनशे किलोंचा जादा लोखंडी हौदा म्हणजे दोनशे किलो माल प्रत्येक फेरीत कमी. तो भरून काढण्यासाठी मागे पाटे वाढवले जातात आणि गाडी कायद्याच्या मर्यादेबाहेर लादली जाते. पकडली गेली, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार वीस हजारांचा दंड व वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार. पाटे वाढवल्याने गाडीचे ब्रेक वाढत नाहीत, हा धोका दंडाहूनही मोठा आहे.

यादीतील दुसरा प्रकार याहून निराळा आहे. विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा इंजिन आसनाखाली असलेल्या छोट्या केबिनमध्ये दहा तास बसणाऱ्या माणसाला वातानुकूलन हवे की नको, हा आवडीचा प्रश्न नव्हे. उन्हाने थकलेला, पेंगणारा चालक स्वतःइतकाच समोरच्या सायकलस्वारालाही धोक्याचा असतो. सरकारने हे तत्त्व मान्य केलेले आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये निघालेल्या अधिसूचनेने २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकांची केबिन वातानुकूलित असणे सक्तीचे झाले. परंतु ही सक्ती एन-२ आणि एन-३ या वर्गांना, म्हणजे एकूण वजन साडेतीन टनांहून अधिक असलेल्या वाहनांना आहे. पिकअप आणि छोटा हत्ती एन-१ वर्गात मोडतात. त्यांच्या चालकांना तेच ऊन ‘ऐच्छिक’ यादीच्या स्वाधीन करून देण्यात आले आहे.

सुरक्षिततेच्या बाबतीतही हेच दिसते. प्रवासी मोटारीत चालकासाठी एअरबॅग २०१९ पासून आणि शेजारच्या आसनासाठी २०२१ च्या अधिसूचनेने आवश्यक झाली. मालवाहू पिकअप त्या नियमाच्या कक्षेत नव्हता. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ‘भारत एनकॅप’ ही वाहनांची टक्कर-चाचणी घेऊन तारे देणारी योजना सुरू झाली, तीही प्रवासी मोटारींपुरतीच. परिणामी कुटुंबासाठी मोटार घेणाऱ्याला निदान तारे मोजता येतात. बोनेट नसलेल्या, गुडघ्यांपुढे केवळ पत्रा असलेल्या गाडीत आयुष्य काढणाऱ्याला मात्र कोणती प्रत टकरीत टिकेल, हे समजण्याचे साधनच नाही. प्रतींची तुलना करा असे त्याला सांगितले जाते, आणि तुलनेस आवश्यक असलेली सर्वांत महत्त्वाची माहिती त्या कागदावर नसते.

सुरक्षितता ऐच्छिक ठेवली की काय होते, याचा धडा इतिहासात आहे. फोर्ड कंपनीने १९५६ च्या मोटारींत आसनपट्टे आणि मऊ आच्छादनाचा डॅशबोर्ड जादा किमतीची जोड म्हणून विकावयास ठेवला होता. सुरक्षितता विकली जात नाही, अशी मोटार उद्योगाची समजूत त्यानंतर रूढ झाली. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांच्या पुस्तकाने ती समजूत हादरवली. १९६६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने वाहन सुरक्षेचा कायदा केला, आणि १९६८ पासून नव्या प्रवासी मोटारींत आसनपट्टे असणे बंधनकारक ठरले. गिऱ्हाइकाची अभिरुची एकाएकी सुधारली म्हणून हे झाले नाही. ती बाब यादीतून काढून कायद्यात घातली म्हणून झाले. तेथेही कामाच्या गाडीचा क्रम मागाहून लागला. पुढील दोन्ही आसनांसाठी एअरबॅगची सक्ती मोटारींना १९९७ च्या सप्टेंबरपासून, तर हलक्या ट्रकांना त्यानंतर एक वर्षाने आली. आपल्याकडे ते अंतर वर्षांनी मोजण्याइतके लांबले आहे.

ज्याला सुरक्षित व सुसह्य केबिन हवी त्याने वरची प्रत घ्यावी, असा युक्तिवाद केला जातो. तो बाजाराची रीत न पाहता केलेला आहे. बाजार समितीच्या दारात वीस पिकअप उभे असतात आणि भाडे सर्वांत कमी सांगणाऱ्याला मिळते. पन्नास हजार जादा मोजून वरची प्रत घेतलेल्या चालकाचा हप्ता बाराशेच्या आसपास वाढतो. व्यापारी त्याला त्यासाठी एक रुपयाही जास्त देत नाही, कारण टोमॅटो थंड केबिनमधून आला की तापलेल्या, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. म्हणून शहाणा चालकही नाइलाजाने खालची प्रत घेतो. एकट्याने शहाणपणा केला तर तो तोट्यात जातो. सर्वांना एकच नियम लागू झाला, तर कोणाचेच भाडे बुडत नाही. कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा का लागली, याचे उत्तर कामगार चळवळीने याच तर्काने दिले होते. पिकअपच्या केबिनला तो तर्क तंतोतंत लागू पडतो.

याशिवाय, या शिडीची एक पायरी छापील कागदावर दिसतच नाही. ती म्हणजे कर्ज. आठ लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी ‘सात टक्के फ्लॅट’ दराने देऊ केले जाते. व्याज सरसकट मूळ रकमेवर पाच वर्षे आकारले की ते २ लाख ८० हजार होते आणि हप्ता बसतो १८ हजारांचा. मुद्दल दरमहा फिटत असताना शिल्लक रकमेवर व्याज मोजले, तर हाच हप्ता सुमारे साडेबारा टक्के दराचा ठरतो. खरोखरीच सात टक्के दर असता, तर हप्ता १५,८४० च्या आसपास आला असता. एका शब्दाच्या आडोशाने पाच वर्षांत जाणारे हे जवळजवळ १ लाख ३० हजार रुपये म्हणजे दोन पायऱ्या वरच्या प्रतीची किंमत होय. पॉवर स्टिअरिंग परवडत नाही म्हणून सोडून देणारा खरेदीदार याच व्यवहारात नकळत त्याहून मोठी रक्कम देऊन मोकळा होतो.

सक्ती केल्यास गरिबाची गाडी महाग होईल, हा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. किंमत काही प्रमाणात वाढेलही. परंतु थोड्यांसाठी बसवली जाणारी वस्तू सर्वांसाठी बसवली की तिचा एकेरी खर्च उतरतो, हा कारखानदारीचा साधा नियम आहे. आसनपट्ट्याला आज कोणी चैन म्हणत नाही. शिवाय कर दहा टक्क्यांनी उतरवला, त्याच वेळी त्या सवलतीचा काही भाग केबिनच्या किमान सोयींसाठी बांधून घेता आला असता. ती संधी सरकारने दवडली. दुसरा आक्षेप चळवळीच्या आतून येतो. वातानुकूलन हे सुखवस्तूंचे लाड आहेत, श्रमिकाच्या मागण्यांत ते कशाला, असे मानणारे कार्यकर्ते अजूनही आढळतात. साहेबाच्या कचेरीतील यंत्र आणि भट्टीसारख्या केबिनमधील यंत्र यांतला फरक त्यांनी ओळखला पाहिजे. साधेपणा स्वतःहून स्वीकारलेला असेल तर तो गुण. दुसऱ्याच्या घामावर लादला तर तो अन्याय.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. एन-१ वर्गाच्या मालवाहू वाहनांना वातानुकूलित केबिन आणि चालकासाठी एअरबॅग यांची सक्ती मुदत ठरवून लागू करावी. टक्कर-चाचणीचे निकाल या वाहनांसाठीही जाहीर व्हावेत. प्रत्येक प्रतीच्या किंमतपत्रावर, हौदा बसवल्यानंतर उरणारी खरी भारक्षमता मराठीत छापलेली असावी. कर्जाबाबत एक हत्यार तर हाताशी आहेच. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ तसेच लघुउद्योगांच्या मुदतकर्जांसाठी ‘मुख्य तथ्य विवरण’ कर्जदाराला देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व खर्च धरून वार्षिक दर किती पडतो, हे कर्जदाराला समजेल अशा भाषेत लिहावे लागते. तालुक्याच्या गावी बसणाऱ्या कार्यकर्त्याने पिकअप घेऊ पाहणाऱ्या तरुणाला एवढे जरी सांगितले, की सही करण्याआधी हा कागद माग आणि ‘फ्लॅट’ हा शब्द ऐकून थांब, तरी एका घराचे लाखभर रुपये वाचतील.

खरेदी-विक्री संघ, दूध संघ आणि पतसंस्था यांचे महाराष्ट्रातील जाळे यासाठीच उपयोगी पडावयास हवे. चाळीस सभासदांची मागणी एकत्र करून विक्रेत्याशी बोलणी केली, तर वरच्या प्रतीचा भाव खाली येऊ शकतो, आणि तीच संस्था वाहतुकीचे किमान भाडे ठरवून देऊ शकते. एकेकटा खरेदीदार शोरूमच्या टेबलापुढे बसतो, तेव्हा यादी दुसऱ्याने केलेली असते आणि त्याला फक्त खूण करावयाची असते. चालकाच्या जिवाला आणि शरीराला जे अत्यावश्यक आहे, ते त्या यादीत असताच कामा नये. रंग, आसनाचे कापड आणि गाणी यांची निवड त्याने खुशाल आपल्या मर्जीने करावी.