‘नवा आणू’ हे उत्तर नव्हे

पोळा सरला की पूजेतले मातीचे बैल मुलांच्या हाती येतात. आमच्या मुरुडात हा क्रम अजून चुकलेला नाही. चार दिवसांत शिंग मोडते, कान झडतो. तरी मूल त्यास उशाशी घेऊनच निजते. मग घर झाडताना कोणी शहाणा तो बैल उकिरड्यावर टाकतो आणि रडणाऱ्या मुलास म्हणतो, “त्यात रडायचे काय? नवा आणू!”

आमचे भांडण या ‘नवा आणू’शी आहे. मुलाचा जीव मातीवर जडलेला नसतो. ज्याचे शिंग आपल्याच हातून मोडले, त्या एका बैलावर जडलेला असतो. इंग्लंडातील बालरोगचिकित्सक व मनोविश्लेषक विनिकॉट यांनी १९५१ साली एका निबंधात दाखवून दिले की, आईवाचून राहण्यास शिकणारे मूल अशाच एखाद्या वस्तूचा आधार घेते. ती मळली तरी समंजस आई धूत नाही. ज्यास आपण ‘मोह’ म्हणून हिणवितो, ती स्वावलंबनाची पहिली पायरी होय. परंतु गुणांच्या ‘लातूर पॅटर्न’चा ज्यांस अभिमान, त्यांस खेळणे हा कालापव्यय वाटावा, यात नवल ते काय?

आमच्या पुष्कळशा चित्रपुस्तकांची दृष्टीही हीच. त्यांत बैल येतो तो ‘ब’ शिकविण्यास, चेंडू येतो तो मोजण्यास. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ने मुलाचे घर चित्रांत आणले, हे ऋण आम्ही मानतो, पण असे अपवाद किती? इंग्रजीत १९२२ साली मार्जरी विल्यम्स यांनी, प्रेमाने झिजून झिजूनच खरा होणारा मखमली ससा लिहिला. १९२६ साली शेपर्ड यांनी ‘विनी द पू’चे अस्वल रेखाटले, ते स्वतःच्या मुलाच्या अस्वलावरून.

मुरुडाहून फार दूर नसलेल्या तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहनकालीन मातीच्या आकृती आपण कौतुकाने पाहतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मातीला काचेचे कपाट आणि घरच्या बैलाला उकिरडा, हा कोठला न्याय? आमच्या चित्रकारांनी तो शिंगमोडका बैल एकदा जसाच्या तसा काढावा. आणि वडीलधाऱ्यांनी तोवर त्यास कोनाड्यात जागा द्यावी.