राजमाचीची वाट

गो. नी. दांडेकरांच्या ‘माचीवरला बुधा’मध्ये घडतं तसं फार थोडं. आयुष्य मुंबईत घालवलेला बुधा म्हातारपणी राजमाचीला, आपल्या माचीवर परततो आणि झाडं, पाखरं, जनावरं यांच्या सोबतीनं राहू लागतो. पण ही छोटीशी कादंबरी वाचून लोक उठून चालू लागले! लोणावळ्याहून किंवा कर्जतच्या बाजूनं कोंदिवड्यावरून राजमाची चढणाऱ्यांत बुधाची माची शोधत आलेले वाचक आजही भेटतात. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले त्यांनी आधी पुस्तकात पाहिलेले असतात.

असं का होतं? मला वाटतं, बुधा आपल्याला काही शिकवायला जात नाही, म्हणूनच. त्याला माचीवर जायचं होतं, तो गेला. तेवढं वाचताना आपण मागे टाकलेलं काहीतरी आठवतं: अर्धवट सुटलेली पेटी, गावाकडची पडीक जमीन, नर्मदा परिक्रमा. (दांडेकरांचीच ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ वाचून परिक्रमेची ओढ लागलेलेही पुष्कळ आहेत.) चरित्रातली माणसं मोठी असतात, त्यांच्यापुढे आपण बिचकतो. बुधापुढे बिचकावं असं काहीच नाही. त्याच्याजवळ पैसा नाही, तरुण वय नाही, कुणाची शाबासकीही नाही.

या अंकासाठी आम्ही वाचकांना विचारलं होतं, की कोणत्या कादंबरीनं तुम्हाला घराबाहेर काढलं? आलेली पत्रं पुढच्या पानांवर आहेत. ती सावकाश वाचा, आणि तुमचं पत्र अजून मनातच असेल तर जरूर लिहून पाठवा.