सूर्यनारायण आणि सरकारी वचन

आपल्या आज्या-पणज्यांनीं ज्या गच्चीवर पापड-कुरडया वाळवल्या, त्याच गच्चीवर आतां सौर पॅनेलें मांडावींत काय, हा प्रश्न हल्लीं पुष्कळ घरांतून रात्रीच्या पंगतीस निघूं लागला आहे. केंद्र सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें सूर्यघर योजना सुरू केल्यापासून तर त्यास विशेषच जोर आला. बहुतेक मंडळी प्रथम विचारतात, "सरकार पैसे किती देतें?" प्रश्न व्यवहारी आहे व त्याचें उत्तरही सोपें आहे. परंतु कुटुंबाच्या शिलकेंतून खर्च करणाऱ्या वडीलधाऱ्या माणसानें त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे : सरकार आपला शब्द किती वर्षें पाळील?

प्रथम पैशांचें सांगतों. या योजनेचा हेतु एक कोटि घरांवर सौर यंत्रें बसावींत असा असून तिच्याकरितां ७५,०२१ कोटि रुपयांची तरतूद मंजूर झाली. एक किलोवॅटच्या यंत्रास ३०,००० रुपये, दोन किलोवॅटच्या यंत्रास ६०,००० रुपये आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटच्या यंत्रास ७८,००० रुपये असें अनुदान ग्राहकाच्या बँक-खात्यांत जमा होतें. एका किलोवॅटला सुमारें शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते, आणि स्वच्छ उन्हांत त्यापासून दिवसाकाठीं सरासरी चार युनिट वीज मिळते.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. सूर्य भर दुपारीं काम करतो. आपल्या घरांतील दिवे-पंखे मात्र सायंकाळनंतर अधिक चालतात. म्हणून दुपारची जास्तीची वीज कंपनीच्या तारांत सोडावयाची, रात्रीं तेथूनच परत घ्यावयाची, आणि देण्याघेण्याची वजाबाकी करून उरेल तेवढ्याचेंच बिल भरावयाचें, अशी सोय केलेली आहे. तिला नेट मीटरिंग म्हणतात. महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगानें २०१५ सालीं घरांच्या छपरांसाठीं तसे नियम केले. शिल्लक युनिटें पुढील महिन्यांत ओढावयाचीं आणि आर्थिक वर्षाअखेर त्यांचा हिशेब मिटवावयाचा, अशी ती पद्धत आहे.

यंत्राची सारी फेड या वजाबाकीवर अवलंबून असते. पॅनेल पंचवीस वर्षें टिकतें. तेवढ्या काळांत लोकसभेच्या पांच निवडणुका होतात, कित्येक मंत्री येतात-जातात, आणि नियम तर एका अधिसूचनेनें बदलतां येतो. उदाहरणार्थ, केंद्राच्या २०२३ च्या नियमांत असें तत्त्व घातलें आहे कीं, उन्हाच्या तासांत विजेचा दर कमी असावा व सायंकाळच्या गर्दीच्या तासांत तो जास्त असावा. तत्त्व तर्कशुद्ध आहे. परंतु ज्यानें दुपारच्या एका युनिटाच्या बदल्यांत रात्रीचें एक युनिट मिळेल असें समजून निवृत्तिवेतनांतील पैसे गुंतविले, त्याचा हिशेब कोणत्या दरानें व्हावयाचा, हें आधींच स्पष्ट झालेलें बरें.

शब्द पाळल्यानें काय होतें आणि न पाळल्यानें काय होतें, याचीं दोन उदाहरणें युरोपांत शेजारीं-शेजारीं घडलेलीं आहेत. जर्मनीनें १९९१ च्या आरंभापासून सूर्य-वाऱ्याची वीज ठराविक दरानें विकत घेण्याचा कायदा लागू केला, आणि १ एप्रिल २००० पासून त्याहून व्यापक कायदा अमलांत आणला. त्यांतील मुख्य कलम साधें होतें : ज्या वर्षीं यंत्र बसेल त्या वर्षींचा दर त्या यंत्रास पुढें वीस वर्षें मिळेल, मात्र पुढील वर्षीं बसणाऱ्या यंत्रास तो थोडा कमी मिळेल. या हमीच्या बळावर शेतकऱ्यांनीं, शिक्षकांनीं, लहान सहकारी संस्थांनीं आपलीं छपरें व शेतें या कामीं लावलीं. इ. स. २००० मध्यें तेथील वीजवापरांत अशा विजेचा वांटा सहा टक्क्यांच्या आसपास होता; २०२३ मध्यें तो अर्ध्याच्या वर गेला.

स्पेननें २००७ सालीं असाच दर जाहीर केला. पण तो इतका उदार होता, आणि किती यंत्रांना द्यावयाचा याचा बांध इतका कच्चा होता, कीं ४०० मेगावॅटचें उद्दिष्ट धरलें असतां एकट्या २००८ मध्यें अडीच हजार मेगावॅटांहून अधिक यंत्रें उभीं राहिलीं. पुढें आर्थिक मंदी आली आणि खर्च झेपेना. मग २०१० मध्यें दर मिळण्याचे तास कमी केले, २०१२ मध्यें नव्या यंत्रांचें साहाय्य थांबविलें आणि २०१३ मध्यें जुन्या यंत्रांना दिलेला दरही मोडीत काढला. परदेशी भांडवलदारांनीं आंतरराष्ट्रीय लवादांकडे धांव घेऊन स्पेनविरुद्ध अनेक निवाडे मिळविले. कर्ज काढून यंत्रें बसविणाऱ्या तेथील साध्या कुटुंबांना तो मार्ग मोकळा नव्हता.

यांतील मर्म एकत्र कुटुंबांत राहिलेल्या माणसास समजावून सांगण्याची गरज नाहीं. घरच्या कर्त्यानें एका पुतण्याचा शिक्षणाचा खर्च कबूल केला आणि पुढें दिवस ओढगस्तीचे आले, तर दुसऱ्या पुतण्यास तो म्हणूं शकतो, "बाबा रे, तुला तेवढें देतां यावयाचें नाहीं." त्यांत अन्याय नाहीं. परंतु पहिल्यास परीक्षेच्या वर्षीं माघारी बोलावणें हा मात्र घात आहे. त्यानंतर त्या कर्त्याच्या शब्दावर घरांत कोणीच विसंबत नाहीं. दशरथाची चूक वचन पाळण्यांत नव्हती. मर्यादा न घालतां तें देऊन ठेवण्यांत होती. वर देतांना मोजावा, दिल्यावर मोजूं नये. जर्मनीनें नव्यांचा दर उतरविला, जुन्यांचा राखला. स्पेननें देतांना मोजलें नाहीं आणि मग दिलेलें परत घेतलें.

आपल्या देशांतही हीं दोन्ही रूपें दिसलीं आहेत. जानेवारी २०१० मध्यें राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालें तेव्हां २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅट हें उद्दिष्ट होतें. २०१५ मध्यें तें एक लक्षावर नेलें. पंचवीस वर्षांचे खरेदी-करार आणि जाहीर लिलाव यांमुळें सौर विजेचा दर उतरत गेला, व २०२० च्या डिसेंबरांत गुजराथच्या लिलावांत तो युनिटास १ रुपया ९९ पैसे इतका खालीं आला. याउलट २०१९ मध्यें आंध्र प्रदेशच्या सरकारनें पूर्वीं सह्या झालेल्या करारांतील दर महाग ठरवून ते फिरवण्याचा घाट घातला. प्रकरण न्यायालयांत गेलें आणि मार्च २०२२ मध्यें उच्च न्यायालयानें करारांतील दरानेंच पैसे चुकते करण्यास सांगितलें. शब्द शेवटीं राहिला. पण मधल्या काळांत पैसे अडकून पडले.

येथें एक रास्त आक्षेप येतो. ज्यांना गच्ची आहे त्यांचें वचन पाळावयाचें, तर भाड्याच्या खोलींत राहणाऱ्यानें त्याचा भार कां उचलावा? जर्मनींत तसा भार सर्व ग्राहकांच्या बिलांवर पडत होता. २०१७ मध्यें तो युनिटामागें ६.८८ सेंट इतका चढला, आणि १ जुलै २०२२ पासून बिलांतून काढून सरकारी तिजोरीवर घेण्यांत आला. त्याचें तात्पर्य हेंच कीं, खर्च कोणी सोसावयाचा याचा निकाल सरकारनें वचन देतांनाच लावावा. गरिबाची कळकळ पुढें करून जुना करार मोडूं नये, आणि जुन्या कराराचें नांव सांगून गरिबाच्या बिलांत भरही घालूं नये.

ज्या घरांत हा विचार चालू आहे त्यांस चार गोष्टी सुचवितों. यंत्र आपल्या गरजेपुरतेंच घ्यावें. सरकारास वीज विकून श्रीमंत होण्याच्या आशेनें मोठें घेऊं नये. पिठाची गिरणी, पंप, कपडे धुण्याचें यंत्र हीं शक्यतों दुपारीं चालवावींत. जी वीज जागच्या जागीं वापरली, ती देण्याघेण्याच्या वजाबाकीवर अवलंबून राहत नाहीं. मीटर अद्याप दिवंगत आजोबांच्या नांवावर असेल, किंवा एका गच्चीखालीं तिघा भावांचीं तीन मीटरें असतील, तर अर्ज करण्यापूर्वींच चौघांनीं बसून नांवांचा व हक्काचा निकाल लावावा. आणि वीज कंपनीशीं होणारा करारनामा घरांतील शिकलेल्या मुला-मुलींकडून मोठ्यानें वाचून घ्यावा. सही त्यानंतर करावी.

सरकारकडे मागणें इतकेंच कीं, नियम बदलावयाचेच असतील तर ते उद्यांच्या यंत्रांसाठीं बदलावेत; काल बसलेल्या यंत्रांस कालचाच हिशेब ठेवावा. अनुदान थोडें कमी मिळालें तरी माणूस भागवून घेतो. शब्द राहील असा विश्वास असला, तर जे शेजारी अजून कुंपणाशीं उभे राहून पाहत आहेत, तेही आपली गच्ची झाडून मोकळी करतील.