विश्लेषण : शिकारी पक्ष्यांच्या स्नायूंतले परजीवी ओळखणे अवघड का?

विजेच्या तारेखाली किंवा रस्त्याकडेला मेलेला गरुड, ससाणा वा घुबड सापडले, की शवविच्छेदनात आधी मोडलेली हाडे आणि विषबाधा तपासली जाते. छातीच्या स्नायूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जाईलच असे नाही. युरोपात मात्र अशा तपासण्यांतून ‘सार्कोसिस्टिस’ या एकपेशीय परजीवीविषयीचे जुने गणित बदलू लागले आहे.

जुने गणित काय?

या परजीवीला दोन यजमान लागतात. भक्ष्याच्या स्नायूंत त्याच्या गाठी तयार होतात. ते मांस शिकाऱ्याने खाल्ले, की त्याच्या आतड्यात परजीवीचे लैंगिक प्रजनन होते आणि संसर्गक्षम पेशी विष्ठेतून बाहेर पडतात. शिकारी पक्षी खाणारा, म्हणून परजीवी त्याच्या आतड्यातच शोधायचा, असा हिशेब होता. तो चुकीचा नव्हता. नॉर्वेतील पांढऱ्या शेपटीच्या समुद्री गरुडाच्या आतड्यात ‘सार्कोसिस्टिस हॅलिएटी’ ही नवी प्रजाती मिळाल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले; पुढे तिच्या गाठी पाणकावळा आणि कुरव यांच्या स्नायूंत सापडल्या. पण गाठी शिकारी पक्ष्यांच्या स्वतःच्या स्नायूंतही आढळतात. म्हणजे तेही भक्ष्याच्या भूमिकेत येतात. मग त्यांना खाणारा कोण? मोठे शिकारी, की मृतदेहावर येणारे पक्षी? हे कोडे प्रजाती नेमकी कळल्याशिवाय सुटत नाही.

मग ओळख कुठे अडते?

गाठ दिसणे तुलनेने सोपे. स्नायूचा पातळ तुकडा दोन काचांमध्ये दाबला तरी ती दिसू शकते. प्रजातीचा काही अंदाज गाठीच्या भिंतीवरून येतो. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. पण पक्ष्यांतल्या अनेक प्रजातींच्या गाठी सारख्याच दिसतात. जनुकीय चाचणीतही नेहमीचा ‘१८एस’ हा भाग जवळच्या प्रजातींत जवळपास एकसारखा असतो. ‘आयटीएस-१’ हा भाग जास्त बदलता, म्हणून निकाल त्यावर ठरतो. शक्यतो एकच गाठ सोडवून तपासावी. आतड्याच्या खरवडीत निरनिराळ्या भक्ष्यांतून आलेल्या प्रजातींची सरमिसळ असते.

दुसरा चकवा ‘ट्रायकिनेला स्यूडोस्पायरॅलिस’ या कृमीचा. त्याच्या अळीभोवती कवच नसते, त्यामुळे दाबलेल्या तुकड्यात ती नजरेतून सुटू शकते. त्यासाठी स्नायू पेप्सिनमध्ये विरघळवून अळ्या वेगळ्या करतात. हा कृमी माणसालाही बाधतो.

ओळख पटल्याने काय बदलते?

बर्लिनमध्ये २००८ मध्ये माना वाकडी झालेली, तोल जाणारी कबुतरे आढळली. अशी लक्षणे पॅरामिक्सो विषाणूचीही असतात. कारण निघाले ‘सार्कोसिस्टिस कॅल्चासी’, आणि त्याचा आतड्यातला यजमान ठरला गॉसहॉक हा ससाण्यासारखा शिकारी पक्षी.

उलट चूकही होते. स्नायूत गाठ सापडली म्हणजे मृत्यूचे कारण सापडले, असे नव्हे. बहुतेकदा गाठी निरुपद्रवी असतात. मेंदूत किंवा स्नायूत दाह दिसला तरच परजीवीवर बोट ठेवता येते. घाईच्या निदानाचा अनुभव भारतीय उपखंडाला आहे. १९९० च्या दशकापासून गिधाडे झपाट्याने घटली, तेव्हा आधी संशय संसर्गजन्य रोगावर होता. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे कारण २००४ मध्ये पुढे आले.

म्हणून मृत पक्षी लवकर पाठवावा आणि स्नायूसोबत मेंदू व आतड्याचेही नमुने घ्यावेत. गोठवलेला नमुना जनुकीय चाचणीला चालतो, पण ऊतींची रचना बिघडल्याने सूक्ष्मदर्शकाला फारसा उपयोगी पडत नाही. त्यासाठी एक तुकडा फॉर्मेलिनमध्ये वेगळा ठेवावा लागतो.