साने गुरुजी 'ग'च्या कप्प्यात!

जून महिन्यात नव्या वह्यांना कव्हरं घातली की पुढचं काम कोणतं? लेबल चिकटवायचं! नाव, इयत्ता, तुकडी, विषय. बिनलेबलाची वही बाईंच्या टेबलावरच्या ढिगात गेली की ती शोधताना कशी तारांबळ उडते, हे तुम्हांला सांगायला नकोच. ई-रीडरवर वाचायच्या पुस्तकांचंही अगदी तसंच असतं.

ई-पुस्तकाच्या लेबलाला 'मेटाडेटा' म्हणतात. पुस्तकाचं नाव, लेखक, भाषा, प्रकाशक, मालिका असेल तर कितवा भाग, ही सारी माहिती त्यात असते. पण हे लेबल बाहेर दिसत नाही, ते फाइलच्या पोटात असतं. 'ईपब' फाइल म्हणजे खरं तर एक बांधलेलं गाठोडं. खोटं वाटतं? एखाद्या ईपबची जादा प्रत काढा, तिच्या नावाच्या शेवटी 'ईपब'ऐवजी 'झिप' लिहा आणि उघडा. आत प्रकरणं, चित्रं आणि 'ओपीएफ' प्रकारची एक छोटीशी फाइल सापडेल. तेच हे लेबल! म्हणून नुसतं फाइलचं नाव बदलून भागत नाही. आतलं लेबल चुकीचं असेल, तर ई-रीडरच्या यादीत चुकीचंच नाव झळकतं.

हे लेबल दुरुस्त करायला 'कॅलिबर' नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. कोविद गोयल यांनी २००६ साली त्याची सुरुवात केली. त्यांच्याकडे सोनी कंपनीचा ई-रीडर होता, पण त्यांच्या संगणकावरच्या लिनक्सबरोबर तो चालेना. मग त्यांनी स्वतःच प्रोग्रॅम लिहायला घेतला!

आता एक गंमत. मराठी विकिस्रोतावर कॉपीराइटची मुदत संपलेली मराठी पुस्तकं मिळतात आणि ती ईपब रूपात उतरवूनही घेता येतात. समजा, तुमच्याकडे साने गुरुजींची तीन पुस्तकं आहेत. एकावर लेखक 'साने गुरुजी', दुसऱ्यावर 'सानेगुरुजी', तिसऱ्यावर 'पांडुरंग सदाशिव साने'. आपल्याला ठाऊक आहे की माणूस एकच. संगणकाला मात्र हे तीन वेगळे लेखक वाटतात! एवढ्यावर भागत नाही. नावातला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, असं कॅलिबर धरून चालतो. त्यामुळे तो 'गुरुजी, साने' अशी नोंद करतो आणि आपले साने गुरुजी जाऊन बसतात 'ग'च्या कप्प्यात! पुस्तक असूनही 'स'मध्ये शोधणाऱ्याला ते सापडायचं नाही.

उपाय सोपा आहे. पुस्तक निवडून मेटाडेटा बदलण्याची खिडकी उघडा. लेखकाचं नाव सगळीकडे एकाच पद्धतीनं लिहा. शेजारीच 'ऑथर सॉर्ट' हा रकाना असतो, तिथेही 'साने गुरुजी' असंच लिहा. भाषेच्या रकान्यात मराठी आहे ना, तेही बघा. किंडलसारखे ई-रीडर कोणता शब्दकोश उघडायचा, हे भाषेच्या नोंदीवरून ठरवतात. मराठी पुस्तकावर 'इंग्रजी' लिहिलं, तर बिचारा इंग्रजी शब्दकोशात 'पातेलं' शोधत बसेल!

यानंतर रूपांतर. कोबोचा ई-रीडर ईपब वाचतो. पण केबल लावून किंडलमध्ये टाकलेली ईपब उघडत नाही, तिला 'एझेडडब्ल्यू३' हे रूप द्यावं लागतं. कॅलिबर ते करून देतो. मात्र क्रम विसरू नका : आधी लेबल, मग रूपांतर. म्हणजे नव्या फाइलमध्ये दुरुस्त केलेलं लेबलच जातं. ई-रीडरवर आधीच पाठवलेली जुनी प्रत आपोआप सुधारेल असं समजू नका, ती पुन्हा पाठवा.

आणखी एक. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो. त्यात अक्षरं नसतातच, त्यामुळे नुसत्या रूपांतरानं ती अक्षरं लहानमोठी करता येत नाहीत. जुन्या मराठी फॉन्टमधल्या पीडीएफचं तर रूपांतरानंतर अगम्य कडबोळं होतं! म्हणून ईपब मिळत असेल, तर तीच घ्यावी.

करून पाहा : या रविवारी आई-बाबांच्या मदतीनं घरातल्या दहा ई-पुस्तकांची लेबलं तपासा. एकाच लेखकाची किती नावं सापडतात, मोजा बरं!