बुश गेलेत, गाडी नाही

मागच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. शनिवारची संध्याकाळ, नुकताच पाऊस पडून गेलेला आणि हायवेवरून खाली उतरणारा एक गोल रॅम्प. असे रॅम्प इकडे न्यू जर्सीत पावलोपावली आहेत. वेग नेहमीचाच होता. निम्म्या वळणात पुढच्या गाडीचे ब्रेकचे दिवे लागले म्हणून मी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला... आणि आमच्या गाडीचं मागचं टोक हळूच बाहेरच्या बाजूला सरकलं. स्टिअरिंग जरा उलटं फिरवलं, गाडी सावरली. सगळं मिळून एक सेकंद. पण त्या एका सेकंदात घशाला कोरड पडली.

शेजारी बायको होती. ओरडली वगैरे अजिबात नाही. घरी पोचल्यावर म्हणाली, "ह्या गाडीचं मागे काहीतरी बिघडलंय. मागच्या वेळी बसले तेव्हाही बोटीत बसल्यासारखं वाटलं होतं."

"अगं, जुनी गाडी आहे. एवढं चालायचंच."

हे वाक्य मी निदान तीन वर्षं म्हणत होतो. आजचं लिखाण ह्याच वाक्याविरुद्ध आहे.

तर गाडीबद्दल थोडंसं. माझ्याकडे 1990 सालची माझदा मियाटा आहे. ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली ती फेब्रुवारी 1989 मध्ये, शिकागोच्या ऑटो शोमध्ये. दोन सीट, उघडं छप्पर, 1.6 लिटरचं इंजिन, वजन हजार किलोच्या आत. ताकद म्हणाल तर आजची कुठलीही साधी फॅमिली कार हिला सिग्नलवर मागे टाकेल. तरीही 2016 साली ह्या मालिकेतली दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. लोक हिच्यावर जीव टाकतात कारण ती वळते छान. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली अशा दोन आर्मनी धरून ठेवलेलं. आणि वळणात तीच गाडी दगा द्यायला लागली, तर मग उरलं काय?

दुसऱ्या दिवशी गाडी स्टँडवर चढवली आणि खाली झोपून मागच्या आर्मला पहारीने हलकासा रेटा दिला. आर्म हलला. लोखंड लोखंडाच्या जागी घट्ट होतं, हलत होता तो मधला बुश.

आपल्याकडे गॅरेजमध्ये ज्याला बुश म्हणतात तोच हा. बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी आणि दोन्हींच्या मध्ये रबर. माझ्या वडिलांची चेतक मागून डुलायला लागली की आमचा मेस्त्री फक्त लाथेने चाक हलवून सांगायचा, "काका, बुश गेलेत." माझ्या गाडीचं रबर तीस-पस्तीस वर्षं जुनं होतं. ऊन, थंडी, तेल, हवेतला ओझोन, सगळं खाऊन ते भेगाळलं होतं. एका ठिकाणी तर रबर नळीपासून सुटून नुसतं नावाला बसलं होतं.

आता पाय उचलल्यावर मागचं टोक का सरकलं ते सांगतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागची चाकं गाडीला पुढे ढकलतात, म्हणजे आर्मवर पुढच्या दिशेने जोर येतो. पाय उचलला की जोर एकदम उलटा होतो. बुश धड असेल तर चाक जागच्या जागी राहतं. बुश गेला असेल तर चाक किंचित तिरकं होतं, पुढचं तोंड बाहेरच्या बाजूला. म्हणजे पुढून स्टिअरिंग मी फिरवतोय आणि मागून तेच काम फाटकं रबर करतंय! कोरड्या रस्त्यावर हे खपून जातं. ओल्या रस्त्यावर नाही.

मग प्रश्न असा की हे मला तीन वर्षं कळलं कसं नाही? उत्तर सोपं आहे. मी ती गाडी दर आठवड्याला चालवत होतो. रबर एका दिवसात मरत नाही. ते रोज थोडं थोडं मरतं आणि आपले हात रोज थोडं थोडं सांभाळून घेतात. वळणात किती आधी वळायचं, पाय किती हळू उचलायचा, हे सगळं मी नकळत बदललं होतं. बायको चार-सहा महिन्यांतून एकदा बसते, तिला लगेच कळलं. आपल्या धंद्यातही असंच नाही का? ज्या सिस्टिमला रोज हात लागतो ती दरवर्षी थोडी हळू होते आणि टीममधल्या कुणालाच ते दिसत नाही. नवीन आलेली पोरगी पहिल्या आठवड्यात विचारते, "हे इतकं स्लो का आहे?" आणि आपण म्हणतो, जुनी सिस्टिम आहे, एवढं चालायचंच.

असो. तर बुश बदलायचे ठरले. मग दुसरा वाद सुरू झाला... रबर की पॉलियुरेथेन?

ज्याला विचारावं तो म्हणायचा पॉलियुरेथेन टाक. कडक असतं, रबरापेक्षा जास्त टिकतं, हाताने बसवता येतं. हे सगळं खरं आहे. गाडी फक्त ट्रॅकवर पळवायची असेल तर मीही तेच टाकेन. पण "कडक म्हणजे चांगलं" हे जे गृहीत धरलं जातं ना, ते मला पटत नाही. आपल्याला वाटतं इंजिनिअरने लोखंडाची गाडी बनवली आणि आवाज कमी व्हावा म्हणून मध्ये थोडं रबर कोंबलं. तसं नसतं. कुठलं रबर किती मऊ हवं, कुठल्या दिशेने किती हललं पाहिजे, हे ठरवून केलेलं असतं. पोर्शने 1977 साली 928 आणली तेव्हा तिच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये मऊपणाच कामाला लावला होता. वळणात पाय उचलला की चाकाचं तोंड बाहेर जाण्याऐवजी किंचित आत वळावं अशी ती रचना होती. वाइसाख अ‍ॅक्सल म्हणून ती प्रसिद्ध आहे. म्हणजे ज्या प्रसंगात मी घाबरलो, नेमक्या त्या प्रसंगावरचा तोडगा मऊपणातून काढला होता.

म्हणून मी पुन्हा रबरच टाकलं. झिजलेली वस्तू आणि चुकीची वस्तू ह्यात फरक आहे. तीस वर्षं टिकलेली गोष्ट मेली म्हणून तिची कल्पनाच चुकीची होती असं होत नाही.

काम एका शनिवार-रविवारचं समजून घेतलं होतं, चार वीकेंड गेले. :-) इकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे खालचं सगळं गंजतं. खालच्या आर्मच्या बाहेरच्या टोकाला एक लांबलचक बोल्ट असतो. तो आतल्या नळीला असा काही चिकटला होता की दोन दिवस तेल मारून, तापवून, हातोड्याने ठोकूनही हलला नाही. शेवटी करवतीने कापला. आतल्या टोकाच्या बोल्टवर चाकाचा कोन ठरवणारी चकती असते, तिच्या जागेवर खूण करून मगच ती सोडवली. जुने बुश प्रेसवर दाबून काढले. एक ऐकेना, त्याचं रबर ड्रिलने पोखरून बाहेरची नळी आतून कापावी लागली. काही लोक रबर जाळून काढतात. शेजारी पोलीस बोलवायला नको असतील तर करू नका.

आणि एक चूक मी केलीच. पहिली बाजू बसवली, चाक हवेत लटकत असताना सगळे नट पूर्ण आवळले आणि खूश होऊन चहा प्यायला गेलो. मग मॅन्युअल पुन्हा वाचलं. नट आवळला की बुशची आतली नळी गाडीला पक्की जखडली जाते. त्यानंतर आर्म वर-खाली होतो तो नळी फिरून नाही, रबर पिळून. चाक लटकत असताना आवळलं तर तीच रबराची विश्रांतीची जागा होते. मग गाडी खाली उतरवली की रबर कायमचं पिळलेलं. उभ्या गाडीतसुद्धा! असे नवे बुश लवकर फाटतात.

म्हणून सगळे नट सोडले. चाकांखाली लाकडी फळ्यांचे ठोकळे रचले, गाडीचं पूर्ण वजन चाकांवर येऊ दिलं आणि मग खाली सरपटत जाऊन एकेक नट आवळला. माणूस असो की रबर, ज्या स्थितीत त्याला रोज राहायचंय त्या स्थितीत त्याला बसवायला हवं. एवढं तत्त्वज्ञान खपवून घ्या, चार वीकेंड गेलेत माझे.

शेवटी व्हील अलाइनमेंट करून घेतली. मार्चमधल्या एका पावसात मुद्दाम त्याच रॅम्पवर गेलो. निम्म्या वळणात पाय उचलला. काही झालं नाही. बायको शेजारीच होती, मोबाईल बघत होती. तिने मान वर केली नाही, आणि मला तेवढंच हवं होतं.

तुमच्याकडे क्लासिक स्पोर्ट्स कार नसेल. पण आठ-दहा वर्षांची स्विफ्ट किंवा आय टेन असेल, पुण्या-मुंबईचे खड्डे असतील आणि तुम्हीही म्हणत असाल की आता जुनी झाली, एवढं चालायचंच. नवीन गाडीचा ईएमआय मोजण्याआधी एकदा खाली वाकून बुश बघून घ्या. आणि जो तुमच्या गाडीत क्वचित बसतो त्याला विचारा, काही वेगळं वाटतंय का. तो जे सांगेल त्यावर लगेच "एवढं चालायचंच" म्हणू नका.

आमच्या घरात तरी त्या वाक्यावर आता बंदी आहे.